एक पट्टी खाली

सूरबाईंबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि ते माझ्या जिवावर येतं. मी पियानो लावणारा माणूस. पियानोच्या पोटात दोनशेच्या वर तारा असतात, त्या वापराने आणि हवेने सैल पडतात, मग मी जाऊन किल्लीने खुंट्या पिळतो आणि सूर जागेवर आणतो. पस्तीस वर्षं हेच केलं. लोक मला किल्लीवाले म्हणतात. बायको म्हणायची, ह्यांना दोन गल्ल्यांपलीकडची सैल तार ऐकू येते, पण घरात मारलेली हाक ऐकू येत नाही. आता ती नाही, त्यामुळे तो वादही मिटला.

सूरबाई चपलादुरुस्तीच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मागची खोली राहायची, पुढची वर्गाची. वर्गात एक जुना उभा पियानो, सहा बुटकी स्टुलं आणि एक रिकामी भिंत. त्या भिंतीवर जमिनीपासून तीनेक फुटांवर तेलकट डागांची एक रांग होती. मी बरीच वर्षं समजत होतो की ओल आली असेल. ते डाग मुलांच्या नाकांचे होते. तीन ते सहा वर्षांची पोरं त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची, बाई मागे पियानोवर एक पट्टी दाबायच्या आणि पोरांनी ती कुठली ते सांगायचं. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, अशी आमच्यात सुरांना पट्ट्यांचीच नावं असतात. बघायचं नाही, आधी दुसरा सूर ऐकायचा नाही, गुणगुणायचं नाही. रंग बघितल्यावर लाल म्हणतो तसं, कानावर पडलं की नाव तोंडात आलं पाहिजे.

हे होतं बरं का. फार थोड्या मोठ्या माणसांना जमतं, पण लहानपणी शिकवलं तर बऱ्याच पोरांना जमतं. सहा-साडेसहा वर्षांपर्यंत ते दार उघडं असतं. मग बंद होतं ते होतंच. बाईंना हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्या दहा वर्षांच्या असताना गावातल्या मोठ्या संगीतशाळेत प्रवेशाला गेल्या होत्या. बोटं चांगली होती, ताल पक्का होता. पण सूर ओळखायला सांगितल्यावर तोंडातून ब्र निघाला नाही. तिथल्या मास्तरांनी त्यांच्या वडिलांना सांगितलं की मुलगी गुणी आहे, पण वय निघून गेलं. हे वाक्य बाई मला दर वर्षी एकदा तरी ऐकवायच्या, कपात साखर घालता घालता, आणि दर वर्षी त्यांचा आवाज तिथे बारीक व्हायचा. मी मान डोलवायचो. मनात म्हणायचो, आवरा बाई, मला अजून दोन घरं करायची आहेत.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी जन्मभर चुटपुट लागली, तीच बाई इतरांच्या पोरांना देत बसल्या. स्वतःला येत नसताना. आणि द्यायच्याही चोख. पंधरा दिवसांत एकच नवा सूर. घाई करणाऱ्या आयांना सरळ जिना दाखवायच्या. घरात खेळण्यातला पियानो, बाजा, शिट्टी, काही चालायचं नाही. त्यांचं म्हणणं असं की कानात एकच सूर मुरला पाहिजे, दुसरा घुसला की सगळं पाण्यात. आजूबाजूचे लोक हसायचे. खालचा चपलावाला म्हणायचा, वर पोरांना भिंतीशी उभं करायचा कारखाना आहे, शाळेत गेल्यावर उपयोगी पडेल. पण बाईंच्या वर्गातली दोन मुलं त्या मोठ्या शाळेत लागली होती. दोघांनीही एक सूर चुकवला नव्हता. त्या दिवसांत बाई रस्त्याने ताठ चालायच्या.

ती दोन मुलं लागली तेव्हा पियानो ठीक होता.

सहा वर्षांपूर्वी मी नेहमीसारखा गेलो आणि पहिल्या अर्ध्या तासात तीन तारा तुटल्या. पियानो म्हातारा झाला होता, तारा गंजल्या होत्या. आणखी ओढलं तर सगळ्याच जातील असं दिसत होतं. अशा वेळी आम्ही एक करतो. अख्खा पियानोच अर्धा सूर खाली उतरवतो. सगळ्या तारा सारख्याच सैल केल्या की एकमेकींशी नातं बरोबर राहतं, गाणं वाजवलं तर गोडच लागतं, फक्त सगळं एक पट्टी खाली. पांढरी एक दाबली की तिच्या खालच्या पट्टीचा सूर येतो. घरगुती पियानोला काय फरक पडतो? मी पन्नास घरांत केलं असेल. घरातल्या माणसांना सांगतो आणि विषय संपतो.

बाईंना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, मी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांच्या मुलीला बाळ झालं होतं, त्या दवाखान्यात निघाल्या होत्या, एक पाय जिन्यात. लागला का सूर, म्हणाल्या. मी म्हटलं, लागला. सांगत बसलो असतो तर त्यांनी शंभर प्रश्न विचारले असते आणि दोघांचाही खोळंबा झाला असता. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. पुढच्या वर्षी गेलो तर तो खालच्या सुरावर छान बसला होता. मी तिथेच पक्का केला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग सांगायला तोंडच राहिलं नाही.

आणि बाईंना ते कळणार कसं? त्यांना स्वतःला सूर ओळखता येत नव्हता. त्यांचा सगळा भरवसा माझ्या कानावर, आणि त्या वर्षांत त्यांच्या वर्गातलं कुणी मोठ्या शाळेच्या परीक्षेलाही बसलं नाही.

एकदा कळायची वेळ आली होती. त्यांच्या वर्गातली एक चार वर्षांची मुलगी मामाकडे गेली आणि तिथला पियानो ऐकून रडायला लागली. हा बिघडलाय, हा बिघडलाय, एवढंच म्हणे. बाईंना केवढा आनंद झाला! पोरीचा कान बघा, म्हणाल्या, आणि मला त्या मामाकडे पाठवलं पियानो लावायला. मी गेलो, ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा नादकाटा वाजवून बघितला. पियानो सोळा आणे बरोबर होता. चहा पिऊन परत आलो. बाईंनी विचारलं, उतरला होता ना? मी म्हटलं, असेल थोडा. मला तेव्हा कळायला हवं होतं. खरं सांगू का, अर्धवट कळलंही होतं, आणि मी ते पुरतं कळू दिलं नाही. माझ्यासारखा कोडगा मीच.

तर ते बाळ. सहा वर्षांपूर्वी झालेलं ते म्हणजे भिंगरी, बाईंची नात. एका जागी कधी टिकायची नाही म्हणून भिंगरी. तिची आई परिचारिका, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी, आठवड्यातून दीड दिवस घरी. बापाचं नाव त्या घरात निघत नसे. त्यामुळे भिंगरी आजीकडेच वाढली, त्या पियानोच्या पायांशी रांगली. ती बोलायच्या आधी सूर ओळखायला लागली असं बाई म्हणायच्या, आणि ह्यात आजीची फुशारकी किती ते सोडा, पण मी स्वतः बघितलंय. मी एक-एक तार लावत असलो की ती दारात उभी राहून नावं घ्यायची. पांढरी चार. काळी तीन. चालता चालता, एका पायावर उड्या मारता मारता. मी म्हणायचो, जा गं, कान खाऊ नकोस. ती नावं मी दाबलेल्या पट्ट्यांचीच असायची, त्यामुळे मला खटकलं नाही.

मोठ्या संगीतशाळेत वर्षाला बारा मुलं घेतात. आता सात पूर्ण व्हायच्या आतच परीक्षा देता येते. मुलगी लागली तर शिक्षण तिथेच, राहणं तिथेच, पुढचा रस्ता तिथूनच. भिंगरीची आई म्हणायची, लागली तर बरंच, नाही तर काय अडलंय. बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी तो दिवस सहा वर्षं मनात वाढवला होता. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दारातून परत आल्या, त्याच दारातून नातीला आत घालायचं, एवढंच त्यांचं मागणं उरलं होतं. नातीसाठी निळा फ्रॉक शिवला होता आणि स्वतःसाठी नवे बूट घेतले होते, ते चावत होते.

त्या शाळेचे पियानोही मीच लावतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉलमधला मोठा पियानो लावून मी पडद्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसलो होतो, कारण मधेच काही बिघडलं तर कोणी तरी हवं. पालक बाहेर. एकेक मूल आत यायचं, पाठ करून उभं राहायचं. दहा सूर, तीन चुकले की बाद.

भिंगरी आली. हसत आली. परीक्षकांनी पांढरी एक वाजवली.

"काळी एक," ती म्हणाली. पट्टी वर यायच्या आत.

पांढरी तीन वाजली. ती म्हणाली, पांढरी चार. पांढरी सहा वाजली. काळी पाच, ती म्हणाली, आणि पुढचा सूर कधी येतो म्हणून टाचा उचलून उभी राहिली. पुढचा सूर आला नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, छान हं, जा बाळा.

प्रत्येक उत्तर बरोबर एक पट्टी वर. एकही सूर ती चुकली नव्हती. तिच्या घरी जो सूर काळी एकवर वाजतो, तोच जगात पांढरी एकवर वाजतो. मी तिला तसा ऐकवला होता. सहा वर्षं, दर वर्षी जाऊन, पक्का करून.

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या कामात तोंड घातलं. मुख्य सरांपाशी गेलो आणि सगळं सांगितलं, हात जोडून. माणूस भला. त्यांनी पोरीला परत बोलावलं, दाराआड तीस सूर वाजवले. तिसांपैकी तीस, सगळे एक पट्टी वर. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग म्हणाले, असा कान मी चार वर्षांत बघितला नाही. मला वाटलं, झालं काम. पण ते पुढे म्हणाले की घेता येणार नाही. इथे तिला रोज वीस मुलांबरोबर वाजवावं लागेल, समोर लिहिलेलं एक आणि कानात पडणारं दुसरं. असा एक मुलगा त्यांनी पूर्वी घेतला होता, तो दोन वर्षांत आजारी पडला. मी विचारलं, बदलता नाही येणार? ते म्हणाले, तिच्या वयाला आता ते मुरलंय. असा कान असताना तिला शिकवलंच नसतं तर मी परीक्षेशिवाय घेतलं असतं, नावं इथे शिकली असती. हे ऐकून मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बाहेर बाकावर सूरबाई बसल्या होत्या. निकाल कळला होता. भिंगरी फरशीच्या चौकोनांवर लंगडी खेळत होती. मी बाईंच्या शेजारी बसून सांगितलं. सगळं, पहिल्या दिवसापासून, मामाकडच्या पियानोसकट. मला वाटलं, शिव्या देतील, थोबाडीत मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पायातला चावणारा बूट काढला, हातात धरला आणि किती तरी वेळ त्याच्या आत बघत राहिल्या.

"तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मी मुलांना एक पट्टी खालचं नाव शिकवलं असतं," त्या म्हणाल्या. "एवढंच तर करायचं होतं, किल्लीवाले."

एका वाक्याचं काम होतं. मी ते करायला सहा वर्षं लावली होती.

मग त्यांनी मुलं मोजली. बोटांवर, ओठ हलवत. सहा वर्षांत चाळीस-बेचाळीस. त्यातली जी ढ होती, ज्यांना काही केल्या सूर कळला नाही, ज्यांच्या आयांना बाईंनी वाईट वाटून घेत परत पाठवलं होतं, ती सगळी धडधाकट होती. जी शिकली होती तीच बिघडली होती, आणि जी जितकी चांगली शिकली तितकी जास्त. बाई एकेकाच्या घरी गेल्या, सांगायला. बहुतेक आईबापांना काय झालं तेच समजलं नाही. एक बाप म्हणाला, अहो आमचा आता फुटबॉल खेळतो. बाई त्याला समजावत बसल्या, तो म्हणाला बरं बरं, आणि दार लावून घेतलं. वर्ग बंद झाला.

इथे थांबायला हवं होतं. मी तसं म्हटलंही. पण बाई हाडाच्या शिक्षिका, त्यांना थांबता कुठे येत होतं! त्यांनी मला पियानो पुन्हा वर चढवायला सांगितलं, खऱ्या सुरावर. पोरीचे सात अजून भरायचे आहेत, म्हणाल्या, सहा महिने आहेत, मी नव्याने बसवते. मी म्हटलं, बाई, मुख्य सर नाही म्हणालेत. त्या म्हणाल्या, तिथले मास्तर मलाही नाहीच म्हणाले होते. त्यांना नाही म्हणायचं माझं तोंड कुठे होतं? मी सगळ्या तारा बदलल्या. नऊ दिवस लागले. काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं झालं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं, बाईंनी एक पट्टी दाबली. पोरीने मान वळवून आजीच्या बोटाकडे बघितलं.

"आजी, आता आपलापण बिघडला," ती म्हणाली.

त्या दिवसापासून रोज दोन तास भिंतीशी. पहिले दोन महिने पोरगी भांडली. तुला नाव चुकतंय, आजीलाच सांगायची. मग रडायची. मग आजीला खूश करायला डोक्यात एक पट्टी वजा करून सांगायला लागली, पण त्याला वेळ लागायचा, आणि बाई म्हणायच्या, मोजू नकोस, ऐक. आईने सुट्टीत येऊन एकदा कडाक्याचं भांडण केलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. मी अधूनमधून जायचो. पोरीचं चालता चालता नावं घेणं थांबलं होतं. जिन्यात उड्या मारतानाही गप्पच असायची.

पाच महिन्यांनी बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, पियानो परत घसरलाय बहुतेक, पोरगी फार चुकायला लागली आहे, आज तपासूनच जा. दुपारची वेळ होती, ऊन सरळ पट्ट्यांवर पडलं होतं. मी नादकाटा लावून एकेक सूर तपासला. एक केसभरही हलला नव्हता. बाईंना तसं सांगितलं. त्यांनी भिंगरीला हाक मारली. ती आली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उंची वाढली होती, नाक आता त्या डागांच्या वर येत होतं.

बाईंनी पांढरी पाच दाबली. सूर विरून गेला. बाईंनी पुन्हा दाबली.

"माहीत नाही."

दुसरी दाबली. माहीत नाही. तिसरी. हट्टाने म्हणत नव्हती, रडतही नव्हती. दुसऱ्याच्या घरची वस्तू कुठे ठेवली आहे असं विचारल्यावर म्हणावं, तसं म्हणत होती. बाईंनी विचारलं, बरं, पूर्वी आपला पियानो काय म्हणायचा ते सांग, जुनं नाव सांग. ती आठवून बघत होती ते पाठीवरून दिसत होतं. जुनंही येत नव्हतं. मी खुंट्यांकडे बघत उभा राहिलो, कारण त्या दोघींकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"सगळे सारखेच वाटतात आता," भिंगरी म्हणाली. "वर-खाली कळतं. कोण आहे ते नाही कळत."

बाई उठल्या. तिला भिंतीपासून वळवून स्टुलावर बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसल्या आणि तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले.

"मलाही असंच ऐकू येतं गं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

पोरीला हे ठाऊक नव्हतं. तिने आजीकडे बघितलं, खोटं बोलतेय का ते बघावं तसं.

"मग मी बरोबर सांगते ते तुला कसं कळायचं?"

"मी पट्टीकडे बघायचे," बाई म्हणाल्या.